नामदेवमामांचे कॅपिटल रिपेअर

मंगळवारी सकाळी नामदेवमामा गेले. मामी चहा घेऊन खोलीत आल्या तेव्हा ते खुर्चीत होते आणि समोरचा कॉम्प्युटर चालू होता.

तेरवीला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले, की मामांना फोटोंचा फार शौक होता. ते खरे नाही. मामांना शौक होता तो फोटो किती लवकर उघडतो याचा. फोटोत काय आहे ते त्यांनी निवृत्तीनंतर एकदा तरी नीट पाहिले असेल, असे मला वाटत नाही. पाहायला थांबावे लागते, आणि थांबणे त्यांना मान्य नव्हते.

भिलाईच्या कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये, त्यांची सारी नोकरी झाली. तिथे तापलेले लोखंड एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने लांब होऊन बाहेर पडते, आणि मध्ये अडले तर वरपासून खालपर्यंत सगळे शिव्या खातात. निवृत्त होऊन जवळच रिसालीत घर बांधल्यावर मामांनी घरातले अल्बम उसवले, एकेक फोटो स्कॅन केला आणि फोटो सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये सगळे भरून ठेवले. हे त्यांनी मामींसाठी केले. मामींना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने टिकेल तितकी टिकेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हातातला फोटो त्यांना दिसेनासा झाला होता. पडद्यावर मोठा केला की दिसे. त्यांचे मागणे एवढेच होते, "डोये आहेत तवर सगळे एकदा दाखवून द्या. नंदिनीच्या खाणीवरल्या क्वार्टरसमोर माही आई उभी आहे, तो तं पयले."

मामांनी त्यांना खुर्ची दिली, बटण दाबले. पडद्यावर गोल चाक फिरू लागले आणि फिरतच राहिले. मामी सहज म्हणाल्या, "किती वेळ लावते जी हे! भाजी टाकून येते तवर."

मामांनी हे वाक्य तक्रार म्हणून दाखल करून घेतले. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर पुठ्ठा लटकला: 'शटडाऊन. हात लावू नये.' कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतले की अशी पाटी लावतात, आणि भट्टीच मुळापासून दुरुस्तीला काढायची असेल तर त्याला कॅपिटल रिपेअर म्हणतात. मामांनी घरातल्या फोटोंचे कॅपिटल रिपेअर काढले. ते संपेपर्यंत फोटो बघायला बंदी.

मी दुर्गच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे मला काही कळत नाही यावर मामांचा विश्वास होता. ते मला समजावून सांगत.

"पाहा भाचेबुवा, फोटो हाय मोठा. दर वेळेस पुरा उघडा लागते, म्हणून चाक फिरते. थंडं लोखंड रोलमध्ये घालतो का आपण? आधी भट्टीत गरम करतो. तसं हरेक फोटोची लहान कॉपी आधीच बनवून ठेवा लागते. मांगितला का हाजिर!"

"मग ज्या कॉप्या झाल्या आहेत त्या तरी आज मामींना दाखवा."

"ट्रायल झाल्याबिगर प्रॉडक्शन? तुमच्या लायब्ररीत चालत असन."

लहान प्रती तयार झाल्या. वेग वाढला, पण मामांच्या मनाएवढा नाही. मग नवी डिस्क आली. मग मेमरी वाढवली. मग त्यांना शोध लागला, की हे सॉफ्टवेअर कोणी न सांगता फोटोतली माणसे ओळखत बसते.

"एकेक चेहरा पायते अन् टाइम खाते. बंद करून टाकलं."

स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "चेहरेच ओयखाचे नाहीत तं फोटो कायले पायजेत?"

"तू ओयखजो ना! मशीनले कावून राबवाचं?"

दिवाळीत ट्रायल रन झाला. फराळाला आलेल्या शेजाऱ्यांच्या हातात चिवड्याच्या बशा देऊन मामांनी बाणाचे बटण अंगठ्याने दाबून धरले. लग्ने, बारशी, सहली, मेलेली माणसे, सगळे पडद्यावरून सपासप निघून गेले. मेश्रामबाई ओरडल्या, "थांबा थांबा भाऊ, तो आमचा पिंटू होता का?"

"मांगं जाता येत नाही बाई. मिल उलटी चालत नसते." मग ते मामींकडे वळले. "दिसलं का?"

"काय दिसन? वारा लागला."

सगळे हसले. मामाही हसले. मामी हसल्या नाहीत. होळी झाली तशा त्या भर दुपारी दिवा लावायला सांगू लागल्या. खोलीवरून जाताना पुठ्ठा हाताने चाचपून पाहत आणि पुढे जात.

पावसाळा सरता सरता मामांनी स्वतः पाटी काढली आणि मला फोन केला, "इन्स्पेक्शनले या." मामींना समोर बसवले. स्वतः 'नंदिनी' टाइप करून बटण दाबले. चाक दिसलेच नाही. बोट उचलायच्या आत फोटो आला. आम्ही टाळ्या वाजवाव्यात अशा चेहऱ्याने मामांनी आमच्याकडे पाहिले.

मामी पुढे झुकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे कोण होय जी?"

मामांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. उजेड वाढवला. लुगड्याच्या काठाने पडदा भरून गेला आणि चेहरा चौकटीच्या बाहेर गेला.

"तुही आई होय व!"

"असन," मामी म्हणाल्या. "लवकर आली मात्र."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी परत लागली. "स्क्रीन लहान पडून राहिली," मामांनी मला फोनवर सांगितले. "फॉल्ट डिस्प्लेचा हाय. मोठी आणली का दिसन तिले." मग म्हणाले, "तिले थांबा लागू नये म्हणून तं सगळं करून राहिलो, भाचेबुवा." ते खरेच होते, आणि तेच मला अजून माफ करता येत नाही.

मोठा पडदा आला. त्याच्यासाठी प्रती नव्याने, मोठ्या आकारात बनवाव्या लागणार होत्या. त्या बनत असताना मामा गेले.

आता रविवारी मी रिसालीला जातो आणि मामींजवळ बसतो. फोटो लगेच उघडतो. त्यात काय आहे ते मी सांगतो. कोण कुठे उभे आहे, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे, दाराशी बादली आहे की नाही. फोटो काळापांढरा आहे, पण आईचे लुगडे हिरवे होते, हे मामी सांगतात. ते कोणी घेतले होते, त्यावरून घरात काय झाले होते, तेही सांगतात. मग मागचे झाड कसले ते विचारतात आणि मी वर्णन केले की म्हणतात, मुनगा, म्हणजे शेवगा, होय तो, त्याच्या शेंगा शेजारीण तोडून न्यायची.

दुपारभरात दोन फोटो होतात.