आतली रेघ

“चांगला माल असा काही नसतोच. चूक अजून सापडलेली नसते, एवढंच.”

केसरबाई हे वाक्य एकदा नूरमोहम्मदच्या गॅरेजात बोलून गेल्या होत्या. नूरमोहम्मदला ते तेव्हापासून कुसळासारखं टोचत होतं, कारण बोलताना बाईंची नजर मालावर नव्हती, त्याच्यावर होती.

बाई भोसरीच्या एका कारखान्यात तपासणीला होत्या. तिथं मोटारींच्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपा बनत. कॅप म्हणजे वाटीएवढं, टणक, चॉकलेटी झाकण. इंजिनाच्या चारी प्लगांना वीज वाटून देणारं. पट्ट्यावरून आलेली एकेक कॅप उचलायची, दिव्याखाली फिरवायची, केसाएवढी चीर दिसली तरी बाजूला टाकायची. निम्मं आयुष्य बाईंनी संशय घेण्याचाच पगार घेतला. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, त्यांचे डोळे झाले नाहीत. वाण्याचं बिल, सुनेची भाकरी, नातीच्या मैत्रिणी, सगळं त्या तसंच उजेडाला धरून बघत. बेरीज तपासायला कारखान्यातली काळी पेन्सिल त्यांच्या चष्म्याच्या घरात कायम असे. झिजून बोटाएवढी राहिली होती, पण टोक मात्र सुईसारखं.

त्यांचा नवरा भीमराज चाकणला फिटर होता. त्यानं कुणाची तरी वापरलेली पांढरी फियाट घेतली, आणि केसरबाईंची दुपारपाळी सुटायच्या वेळी ती भोसरीच्या गेटाबाहेर उभी राहू लागली. बाकीच्या बाया बसथांब्यावर ताटकळायच्या. केसरबाई पुढच्या सीटवर बसायच्या, काच खाली करायच्या आणि कुणाकडेही न बघता निघून जायच्या. बुद्धपौर्णिमेला देहूरोडच्या विहारात जायचं ते याच गाडीतून. भीमराज गेला, त्यानंतर गाडी कासारवाडीच्या घरापुढं पत्र्याखाली उभी होती. नूरमोहम्मद अधूनमधून येऊन ती चालू करून जाई. कार्बोरेटरच्या गाडीला हात घालणारा त्या भागात आता तोच उरला होता.

आणि आता धम्मरत्न, बाईंचा मुलगा, गाडी विकायला निघाला होता. घेणारा चाकणचा ज्योतीराम. जुन्या मोटारी फुलांनी सजवून लग्नाला भाड्यानं द्यायचा त्याचा धंदा.

“गाडी तुझ्या नावावर आहे, मला कशाला विचारतोस?” बाई मुलाला म्हणाल्या होत्या. मग थोड्या वेळानं, भिंतीला सांगावं तसं: “म्हणजे माझ्या जागेवर आता रोज नवी नवरी बसणार.”

ज्योतीराम दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा गाडी मिसिंग मारायला लागली. चारातलं एक सिलिंडर गप्प बसलं की इंजिन लंगडत चालतं, त्याला गॅरेजात मिसिंग म्हणतात. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नूरमोहम्मद पोचला तर गाडी ठणठणीत. पहिल्यांदा त्याला वाटलं, पेट्रोलमध्ये कचरा असेल. त्यानं कार्बोरेटर खोलून धुतला. तेव्हा बाई शेजारी उभ्याच होत्या.

“इथंच खोला, नूरभाई. गॅरेजात न्यायचा नाही. आत जातो अस्सल, बाहेर येतो डुप्लिकेट.”

“वहिनी, भीमराव असताना मी कधी बदलला का?”

“ते असताना नाही. आता ते नाहीत.”

दुसऱ्यांदा त्यानं पॉइंट घासले, कंडेन्सर नवा घातला. तरी ज्योतीरामसमोर पुन्हा तेच होईल, ही भीती राहिलीच. धम्मरत्न हसत म्हणाला, “चाचा, हात राहिला नाही का पहिल्यासारखा?” नूरमोहम्मदला ते हसणं घरी गेल्यावरही ऐकू येत राहिलं. हाताशिवाय त्याच्यापाशी होतं काय? ज्योतीरामनं शेवटचं सांगून ठेवलं होतं: शुक्रवारी येतो, चालली तर घेऊन जातो, नाहीतर विषय संपला.

म्हणून शुक्रवारी सकाळीच नूरमोहम्मदनं गाडी गॅरेजात आणायला लावली. पुढच्या सीटवर बसून बाईही आल्या, आणि स्टूल ओढून गाडीला चिकटून बसल्या. त्यानं सगळं तपासलं. इंजिन एका लयीत चालत होतं. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातला चहाही हिंदकळत नव्हता. मग जुम्म्याची वेळ झाली.

“जा तुम्ही नमाजाला,” बाई म्हणाल्या. “मी राखण बसते.”

“राखण कुणापासून, वहिनी?”

“सगळ्यांपासून.”

तो परत आला तेव्हा ज्योतीराम येऊन पोचला होता. गॉगल कपाळावर, एक हात बॉनेटवर टेकलेला. धम्मरत्न रस्त्याच्या कडेला फोनवर बोलत येरझारा घालत होता. बाई स्टुलावर, मांडीवर चष्म्याचं घर. नूरमोहम्मदनं चावी फिरवली.

गाडी खोकली, थरथरली आणि लंगडू लागली.

“ह्येच ते, राव!” ज्योतीरामनं टाळी वाजवली. “नवरदेव बसला आन् गाडीनं अशा उचक्या दिल्या, तर लोक इचारतील, वरात हाय का मयत?”

धम्मरत्ननं फोन खिशात घातला. नूरमोहम्मदकडे बघितलं. ते बघणं हसण्यापेक्षा वाईट होतं.

नूरमोहम्मदच्या मनात पहिल्यांदाच आलं: गाडीत दोष नाही. दोष इथं उभा आहे, दोन पायांवर. मघाशी ज्योतीरामचा हात बॉनेटवर होता. धम्मरत्न पाठ फिरवून फोनवर होता, पण पाठ फिरवणाऱ्याला काही करता येत नाही असं थोडंच असतं?

त्यानं बॉनेट उघडलं, रबरी मुठीची पक्कड घेतली आणि चालू इंजिनावर प्लगांच्या वायरी एकेक करून ओढायला सुरुवात केली. वायर काढल्यावर इंजिन आणखी कण्हलं, तर ते सिलिंडर इमानदार. काढली काय, ठेवली काय, आवाज तोच राहिला, तर ते फुकट खाणारं. पहिली काढली, इंजिन कण्हलं. दुसरी काढली, तेव्हाही कण्हलं. तिसरी काढली. काहीच नाही.

“तीन नंबर,” तो म्हणाला. त्यानं तीन नंबरचा प्लग बदलला. तेच. वायर बदलली. तेच. आता एकच जागा उरली होती.

“कॅप कशाला खोलता?” स्टुलावरून बाई म्हणाल्या. “कॅपा बघण्यात जन्म गेला माझा. कॅप चांगली आहे ती. कार्बोरेटर बघा.”

नूरमोहम्मदचा हात थबकला. कार्बोरेटरला नजरेआड होऊ न देणारी बाई आज आपण होऊन तो खोला म्हणत होती. आणि जगातला एक जिन्नस तिनं चांगला म्हटला होता.

त्यानं दोन्ही क्लिपा उघडल्या, कॅप काढली, पालथी करून उन्हाला धरली. आतल्या बाजूला तीन नंबरच्या खुंटापासून काठापर्यंत एक करडी रेघ चमकली. कॅपमध्ये कार्बनची रेघ पडते ती त्यानं आयुष्यभर पाहिली होती. ती वेडीवाकडी असते, झाडाच्या मुळासारखी, आणि जळून बसलेली असते. घासली तरी जात नाही. ही सरळ होती. आखल्यासारखी. त्यानं पेट्रोलचा बोळा फिरवला. रेघ बोळ्यावर आली.

“पेन्सिल!” तो ओरडला. “पेन्सिल आहे ही! कुणीतरी मुद्दाम केलंय!”

त्या ओरडण्यात सुटका होती. त्याचा हात शाबूत होता. पण ओरडून झाल्यावर त्याला आठवलं: याच गॅरेजात, भीमराजची वाट बघत बसलेल्या केसरबाई हसून सांगत होत्या की नव्या पोरींना पहिला दम कशाचा देतात. खूण करायची ती पांढऱ्या पेन्सिलीनं, बाहेरून. काळी फक्त कागदावर. काळीची रेघ आत गेली की वीज खुंट सोडून तिच्यावरूनच पळते. त्याला हेही कळलं की रेघ दुसऱ्या दिवशी का सापडत नव्हती. पुसायला पदराचं टोक पुरतं.

तोवर धम्मरत्न ज्योतीरामवर धावून गेला होता. “तरीच! बॉनेटवर हात ठेवून उभे होतात तुम्ही. मी बघितलंय.”

“ओ सायेब, तोंड सांभाळून! मला गाडी पायजे, मी कशाला बिघडवू?”

“बिघडलेली दाखवायची आणि पाडून मागायची. एवढं कळतं आम्हाला.”

“आरं, माझ्या बापजाद्यात कुणी चोरी केली न्हाई!” ज्योतीरामचा आवाज चिरकला. लोक थांबून बघू लागले होते. “नको मला तुमची गाडी. ठेवा पत्र्याखाली, हार घाला तिला.” त्यानं मोटारसायकल स्टँडवरून काढली.

झालं. सौदा मोडला. गाडी आता परत जाणार, पत्र्याखाली. बाईंनी फक्त बसून राहायचं होतं.

नूरमोहम्मदनं त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याच्यावरचा आळ गेला होता. आता तो दुसऱ्याच्या माथी होता, आणि त्यात त्याचं काही जात नव्हतं. बाईंची नजर मात्र त्याच्यावर नव्हती, मुलावरही नव्हती. ती ज्योतीरामच्या पाठीवर होती. घामानं शर्ट चिकटलेली, थरथरणारी एक पाठ. दिव्याखाली कॅप फिरवावी तशी ती पाठ बाईंनी एकदा नीट पाहिली. चीर नव्हती.

बाई उठल्या. स्टूल उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं. चष्म्याचं घर उघडलं. बोटाएवढी काळी पेन्सिल काढली आणि उघड्या बॉनेटशेजारी मडगार्डवर, सगळ्यांच्या देखत ठेवली.

पेन्सिल उतारावरून घरंगळली. धम्मरत्ननं ती पडता पडता झेलली, हातात फिरवली आणि बोलता बोलता थांबला. “आई?”

ज्योतीरामचा पाय किकवर होता, तो तिथंच राहिला.

केसरबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला. फियाटच्या पुढच्या दाराला वळसा घालून त्या गॅरेजच्या बाहेर पडल्या आणि कुणाकडेही न बघता कासारवाडीच्या रस्त्याला लागल्या.