चाचांच्या वहीतला आकडा

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मातीतलं स्फुरद मोजणारं एक जुनं मशीन आहे. सगळे त्याला स्पेक्ट्रो म्हणतात. मशीनला काहीच झालं नव्हतं, जळाला तो त्याला जोडलेला कॉम्प्युटर. जाफराबादच्या विजेचा काही भरवसा नाही. एका सोमवारी ती अशी उसळून आली की पडदा काळा पडला आणि खोलीभर जळका वास सुटला.

प्राचार्य नाकाला रुमाल लावून आले. "मॅडम, शनिवारी भंगारवाला येतोय. दोन्ही देऊन टाकू. तुम्ही ग्रंथालयात बसत जा."

मी प्रयोगशाळा सहायक. पुस्तकांवर शिक्के मारत निवृत्त व्हायची माझी बिलकुल तयारी नव्हती. "शनिवारच्या आत चालू करून दाखवते," असं मी रागाच्या भरात बोलून गेले. कसं करायचं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

ऑफिसात एक कॉम्प्युटर पडून होता, तो मी भांडून आणला. तर मशीनच्या वायरीला नऊ काड्यांची पिन आणि या कॉम्प्युटरला तसलं भोकच नाही. मंगळवारी एसटीने जालन्याला गेले. पहिल्या दोन दुकानदारांनी हात वर केले. तिसरा पिन उलटीपालटी करून म्हणाला, "ताई, ही कुठून उकरून आणली?" पण जोडायची वायर त्याच्याकडेच मिळाली. बुधवार त्या जुन्या प्रोग्रामची सीडी शोधण्यात गेला आणि तो नव्या कॉम्प्युटरच्या गळी उतरवण्यात गुरुवारची दुपार झाली. पाच वेळा त्याने नाही म्हटलं, सहाव्यांदा घेतला. पडद्यावर पहिला आकडा उमटला तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

आता एकच काम उरलं होतं. मशीनच्या आकड्याला कितीने गुणायचं, तो गुणक प्रोग्राममध्ये भरायचा होता. जुना गुणक कॉम्प्युटरबरोबर जळाला होता, पण चाचांच्या वहीत तो लिहिलेला होता.

चाचा म्हणजे माझ्या आधी हे मशीन सांभाळणारे. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षं काम केलं. निवृत्तीच्या दिवशी ते म्हणाले होते, "बाई, ही वही एकदा संगं बसून बघून घ्या." मी घाईत होते. "मला येतं सगळं," म्हटलं आणि वही खणात टाकली.

वहीत मराठीत लिहिलं होतं, 'स्फुरद, गुणक'. पुढे एक उभी रेघ, एक ठिपका, एक गोल. म्हणजे १.०. मी तो भरला आणि जिच्यात स्फुरद एकवीस आहे हे आधीच ठाऊक असतं, ती पडताळणीची माती तपासायला घेतली. उत्तर आलं ०.२. पुन्हा केलं, पुन्हा ०.२. भागाकार केला तर गुणक एकशे पाच हवा होता. तो घातला असता तर उत्तर बरोबर आलं असतं, पण उत्तर आधी बघून गणित जमवायचं आणि त्यावर लोकांना त्यांच्या मातीचा अहवाल द्यायचा, हे माझ्या हातून होणार नव्हतं.

वहीतला गुणक खरा असेल तर मशीनच बिघडलेलं असणार, या विचाराने माझं डोकं फिरलं. प्राचार्यांना जाऊन सांगितलं, "चाचांनी मशीन आतून पार बिघडवून ठेवलंय आणि कुणाला सांगितलं नाही."

शुक्रवारी वही पिशवीत घालून चाचांना जाब विचारायला मी जुन्या जालन्यातलं त्यांचं घर गाठलं. चाचा चष्मा शोधायला आत गेले. त्यांच्या बायकोने मेथी निवडता निवडता मी समोर उघडून ठेवलेल्या पानाकडे पाहिलं आणि सहज वाचलं, "एक सौ पाँच."

मी म्हटलं, "कुठं?"

"ये क्या. एक, सिफर, पाँच."

उर्दूत शून्य म्हणजे ठिपका आणि पाच म्हणजे गोल. चाचा अक्षरं मराठी लिहायचे, आकडे मात्र शाळेत पहिल्यांदा गिरवलेलेच. वहीतल्या बाकीच्या आकड्यांना मी इतकी वर्षं म्हाताऱ्याचं गिचमीड समजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा चष्मा लावून बाहेर आले, तोवर मी प्राचार्यांना फोन लावला होता. चाचांसमोरच मोठ्याने बोलले. "सर, मशीन ठणठणीत आहे. चाचांनी काही बिघडवलं नव्हतं. मीच त्यांचा आकडा चुकीचा वाचला आणि वर त्यांचंच नाव घेतलं. भंगारवाल्याला जळका कॉम्प्युटर तेवढा द्या."

"बरं," प्राचार्य म्हणाले. एवढंच.

फोन ठेवला. आपलं नाव कशात घेतलं गेलं होतं, ते चाचांना कळलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही हातात घेऊन पान सरळ केलं.

"तुम्हाला उर्दू येत न्हाई, हे मला म्हाईत होतं, बाई," ते म्हणाले. "पन विचारता येतं, असं वाटलं होतं."

मी त्यांच्यासमोर खाली बसले, वहीचं पहिलं पान उघडलं आणि पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"चाचा, हा कोणता?"