एका कपाचं यंत्र

माझ्या वसतिगृहातल्या खोलीसोबत्याइतका कॉफीचा ध्यास घेतलेला, आणि तरीही कॉफीचा थेंब तोंडात न घालणारा माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. मी नंदुरबारचा, मिरचीच्या बाजारात शिंकत वाढलेला; तो शहाद्याकडच्या तापीकाठचा, केळी-कापूसवाल्या गुजर घरातला. पुण्याला इंजिनिअरिंग शिकताना आम्ही एका खोलीत येऊन पडलो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला बाकीच्या मुलांनी पूल घेतले, पंप घेतले. या पठ्ठ्याने घेतलं घरगुती कॉफीचं यंत्र! कुणाकडे गेला की हा बैठकीत टेकायच्या आधी स्वयंपाकघरात शिरून त्यांची किटली वितीने मोजायचा. आमच्या खोलीच्या छताला कॉफीचे शिंतोडे, उशीला कॉफीचा वास. माझा नवा पंचा त्याने गाळण्यासाठी फाडला आणि वर मलाच म्हणाला, "धुयेल होता ना? मंग काय झायं?" आणि चव घ्यायची वेळ आली की कप माझ्यापुढे. स्वतः मात्र खाली जाऊन चहा ढोसून येणार. असा राग यायचा म्हणून सांगू!

हे सगळं चाललं होतं त्याच्या आबांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. त्याची आई गेली तेव्हा आबा अस्थी घेऊन काशीला गेले. काशीला जाऊन काहीतरी सोडायचं असतं. लोक हुशार, नावडतं कारलं सोडून येतात. आबांनी चहा सोडला. रोज पहाटे नवरा-बायको ओट्यावर बसून चहा प्यायचे, ती गेल्यावर तो घशाखाली उतरेना म्हणे. मग कॉफी सुरू झाली. जेवण आणि रात्री तापवलेलं दूध शेजारून चुलत्यांच्या घरून यायचं, पण "मन्ह्या कॉफीकरता त्या सूनले कशाले उठाडू?" म्हणून आबा पहाटे स्वतः स्टोव्ह पेटवायचे. डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा धोतराचा सोगा पेटला, मांडी भाजली. ते कळल्यापासून माझा मित्र नीट झोपला नाही.

म्हणून हे यंत्र. गावात वीज नव्हती, तेव्हा खाली स्पिरिटचा बारका दिवा, वर तराजूसारखे टांगलेले दोन पितळी गडवे, मधे वाकडी नळी. एका गडव्यातलं पाणी उकळून कॉफीच्या गडव्यात गेलं की पहिला हलका होऊन वर उचलला जायचा आणि दिव्यावर झाकण टपकन पडायचं. विझवायला डोळे लागत नव्हते. ते पाहून आमचे प्राध्यापक म्हणाले, "अहो, हे कॉफीचं यंत्र आहे की सोनाराची भट्टी?" पण एका माणसाला एक कप, वाया काही नाही, या काटेकोरपणावर खूष होऊन त्यांनी भरपूर गुण दिले.

परीक्षा संपताच आम्ही ते मांडीवर घेऊन गाडीने नंदुरबारला आणि तिथून एस.टी.ने त्याच्या गावी गेलो. दुसऱ्या पहाटे आबांनी आपल्या हातांनी दिवा लावला. झाकण पडलं तसे लहान मुलासारखे हसले. तेवढ्यात शेतावर निघालेले एक शेजारी ओट्यावर टेकले. आबांनी तो कप सरळ त्यांच्या हातात दिला. दुसरा कप होईस्तोवर आणखी एकजण आला. तो कप त्याला. तिसरा मला, पाहुणा म्हणून. मित्र कळवळून म्हणाला, "आबा, तुम्ही प्या ना!"

"दारवर माणूस बशेल शे, अन् मी एकला कसा पिसू रे?" आबा म्हणाले. "यंत्र भारी शे, भाऊ. पन कप एकच निंघस."

आणि आबांनी मोठं पातेलं काढून स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. मित्राचं तोंड बघवत नव्हतं. त्या ओट्यावर आजवर कुणी एकट्याने कप तोंडाला लावला नव्हता, हे तिथेच जन्मलेल्या पोराला कागदावर यंत्र आखताना आठवलं नाही!

मग नोकरी लागली, आणि हा सुट्टीच्या दिवशी तांबटाच्या दुकानात जाऊन बसू लागला. मोठे गडवे, ओटाभर माणसांची कॉफी. पण मोठा गडवा जड, झाकण वेळेवर पडेना. "आबांना अर्धवट कसं देऊ?" म्हणत तो ते परत परत मोडायचा. मी म्हणायचो, बाबा रे, असेल तसं नेऊन दे! ऐकेल तर शपथ. त्या थंडीत आबा तापाने गेले. यंत्र तांबटाकडेच होतं.

ते पुरं झालं आणि आबांच्या वर्षश्राद्धाला त्याने गावी आणलं. मीही गेलो होतो. पहाटे ओटा माणसांनी भरला, झाकण अगदी वेळेवर पडलं, सगळ्यांना कॉफी मिळाली. माणसं शेतावर गेल्यावर तळाशी एक कप उरला. तो ओतून घेऊन मित्र किती तरी वेळ नुसता बघत बसला.

"पी की आता," मी म्हणालो.

त्याने अर्धी कॉफी बशीत ओतून माझ्यापुढे सरकवली आणि मी बशी उचलल्यावरच कप तोंडाला लावला. आयुष्यातला पहिला घोट. तोंड वाकडं झालं, डोळे भरून आले.

"कितली कडू शे रे," तो म्हणाला. "आबा हाई रोज पेत व्हतात?"

मी बशीतून एक घोट घेतला. बशी रिकामी होईस्तोवर त्याच्याजवळ बसून राहिलो.