गच्चीवरची ओली गोधडी

ती घटना आठवली की आजही हसू येतं. खून-दरोड्याचे कागद मी नोकरीत पुष्कळ पाहिले, पण घरी पाहुणे आले की सगळे हीच केस सांगायला लावतात.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होते. एका संध्याकाळी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका लेखी अर्ज घेऊन आले. घरी नवा मोठा टीव्ही आणला होता आणि त्याला शोभेल म्हणून एचडी डिश बसवली होती. परदेशातला फुटबॉल लावला की मैदानावरचं गवत मोजता येतं, असं त्यांचं म्हणणं. पण महिन्याभरात चार वेळा दुपारी चारला चित्र गेलं आणि सहाला आपोआप आलं. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा, सगळं ठीक आहे म्हणून जायचा. काकांनी चारही तारखा अर्जात लिहिल्या होत्या. संशयित म्हणून गल्लीतल्या केबलवाल्याचा उल्लेख होता. वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटणार म्हणून तो खोड्या काढतोय, असा आरोप.

प्रकरण अदखलपात्र होतं. तरी डायरीला नोंद घेतली, कारण असली भांडणं वेळेवर मिटवली नाहीत तर पुढे डोकी फुटतात. केबलवाल्याला बोलावलं. तो आला तो घाम पुसतच. त्याला बसवून पाणी दिलं. खोटं बोलणारा माणूस बहुधा आधी रागावतो, असा माझा अनुभव. हा रागावला नाही, घाबरला.

"मॅडम, त्या घराच्या गच्चीवर मी चपला खाली काढून चढतोय," तो म्हणाला. "गल्लीतल्या बायका मला बघून दार उघडत्यात. उद्या लोकं म्हणतील, ह्यो वायरी कापतोय. मग मला दारात कोण घेणार?"

त्याचा धंदाच दुसऱ्यांच्या घरात शिरण्याचा होता. अर्ज खरा ठरो वा खोटा, गल्लीत चर्चा सुरू झाली की तो संपला. काकांना मी दोन दिवस तोंड बंद ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जागा पाहिली. वायर कुठेही कापलेली नव्हती, डिश जागच्या जागी घट्ट होती. शेजारी कपडे वाळत घालायची दोरी. काका खालूनच ओरडून सूचना देत होते. गुडघ्यांमुळे त्यांना लोखंडी शिडी चढता येत नव्हती. चित्र गेलं की वर जाऊन कोण बघतं, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या मंडळी जात्यात की. त्यांना काय कळतंय त्यातलं, पण बघून येत्यात." हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

धागा मिळाला तो ठाण्यातच. आमची एक महिला शिपाई रजेसाठी तक्रार करत होती, की महिनाभर प्रत्येक मॅचला तिलाच मैदानावर बंदोबस्त लागतो. मॅच म्हणताच मी बंदोबस्ताचं रजिस्टर मागवलं आणि काकांचा अर्ज शेजारी ठेवला. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात; चारही तारखांना दुपारी चारला त्यांचे सामने होते. पण महिन्यात सामने बरेच झाले होते. मग हेच चार का? शिपाई बाईंनी बोट ठेवून दाखवलं, चारही सामन्यांत एकच तालीम खेळली होती. आणि ती काकांच्या पेठेतली नव्हती.

मी काकांना फोन लावला आणि एवढंच विचारलं, "काकूंचं माहेर कुठलं?" त्यांनी पेठेचं नाव सांगितलं. तालीम त्याच पेठेतली.

काकूंचा जबाब मी त्यांच्या स्वयंपाकघरात घेतला. त्या चहाचं आधण ठेवत होत्या. दोरीवरचे कपडे डिशवर पडतात का, असं मी सहज विचारलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"पडत न्हाईत. मी टाकते," त्या म्हणाल्या. "गोधडी. कोरडी टाकून बघितलती, चित्र जात न्हाय. वलीच लागती."

पुढचं त्यांनी न विचारता सांगितलं. आपल्या तालमीची मॅच असली की काका मैदानावर जायचे. काकूंच्या माहेरची असली की घरात बसून परदेशातले खेळाडू बघायचे. काकू लहान असल्यापासून या खेळाच्या वेड्या, पण मैदानावर त्यांना कधी कुणी नेलं नाही. गेली काही वर्षं केबलवाल्याच्या लोकल चॅनेलवर सामने दिसायचे, ते डिशवर येत नव्हते. केबल अजून तोडलेली नव्हती. डिश गेली की काका वैतागून कट्ट्यावर जायचे आणि काकू जुना बॉक्स जोडायच्या.

दारात उभे राहून काका हे सगळं ऐकत होते. "अगं, मला सांगायचं तरी," ते म्हणाले.

"डिश घेताना तुमी मला इचारलतं व्हय?"

पण केबलवाल्यावर आळ आलाय हे मी सांगितल्यावर काकूंचा चेहरा पडला. हे त्यांना माहीतच नव्हतं. गॅस बंद करून त्या तशाच निघाल्या. मागून काका लंगडत. केबलवाल्याच्या दारात दोघांनी माफी मागितली, आणि भर गल्लीत, म्हणजे ज्यांनी ऐकायला हवं त्यांनी ऐकलं. तिथेच तो भीत भीत म्हणाला की त्याच्याकडेही आता एचडी बॉक्स मिळतो, लोकल चॅनेलसकट. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काकांनी त्याच दारात अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं.

तेव्हापासून घरगुती तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: हा निर्णय घेताना घरातल्या कुणाला विचारलं नव्हतं? निम्मा तपास तिथेच व्हायचा.

पुढच्या सामन्याला बंदोबस्तावर मीच होते. काकांना बजावून ठेवलं होतं, त्यामुळे ते काकूंना घेऊन आले. बायकांच्या बाजूला पुढच्या रांगेत मी त्यांना जागा करून दिली. अर्ध्या तासात त्यांचा आवाज पार गोलपोस्टपर्यंत पोचत होता. मध्यंतरात मी विचारलं, घरच्या टीव्हीवर जास्त स्वच्छ दिसतं ना?

"दिसतंय की," काकू घसा खाकरत म्हणाल्या. "पण तिथनं रेफरीला ऐकू जात न्हाय."