पडद्याबाहेर थांबणाऱ्या सिस्टर

आमच्या वॉर्डातल्या सिस्टर पडद्याआडच्या पेशंटकडे जायच्या आधी टकटक करायच्या. पडद्यावर ती होणार कशी? म्हणून पडद्याच्या लोखंडी दांडीवर पेनाने. मग "येऊ का?" विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत बाहेर थांबायचं. वॉर्डबॉय थट्टा करायचा, "सिस्टर, आतून कडी लावलीय का हो?"

"लावलीय. तुला दिसत नाही, एवढंच."

निवृत्तीला आलेल्या, ठेंगण्या, चालताना एका पायावर किंचित झुकणाऱ्या. बहुतेक नोकरी फिट्सच्या पेशंटांमध्येच झालेली. माझ्या लेकीला तिथे ठेवलं होतं. औषध बदललं, फिट्स थांबल्या. पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. जेवण नाही, बोलणं नाही. मी सावलीसारखी तिच्यामागे. घरी बाथरूमची, खोलीची, सगळ्या दारांच्या कड्या मी केव्हाच काढल्या होत्या. आत पडली आणि दार उघडलं नाही तर?

एका सकाळी सिस्टरांनी दांडी वाजवली तेव्हा आतून लेक म्हणाली, "नको." आणि त्या खरंच मागे फिरल्या! मी त्यांच्यामागे धावले.

"अहो, आजारी पोर ती. तिचं काय ऐकता?"

"ताई, किती दिवसांनी बोलली! तिचा पहिलाच शब्द मोडू का?"

"आणि आत काही झालं असतं तर?"

"उत्तर आलं नाही तर मी विचारत बसत नाही. सरळ आत शिरते."

संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. या वेळी आतून "या" आलं. त्यांनी स्टूल ओढलं. "आई असू दे, की बाहेर पाठवू?"

"असू दे."

मग स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्याच्या गोष्टी. "शेजारी विचारतात, मिक्सर एवढ्या रात्री का लावता?" लेकीचा ओठ किंचित हलला. आणि त्याच आवाजात सिस्टर म्हणाल्या, "मरून जावंसं वाटतं का गं कधी?"

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात घट्ट धरला. लेकीकडची नजर मात्र हलवली नाही.

"रोज," लेक म्हणाली.

मग ती रडली. सिस्टर तिला थोपटत राहिल्या. "हे नखरे नव्हेत, आळसही नव्हे. फिट मेंदूतून येते ना? कधीकधी ही उदासीही तिथूनच येते. तिच्यावरही औषध असतं."

डॉक्टरांना त्यांनी तेव्हाच बोलावून आणलं. नवं औषधही मन खचवत असेल, असं डॉक्टर म्हणाले. ते बदललं, मनाचे उपचार सुरू झाले. घरी निघताना सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "गोळ्या तुमच्या कुलपात. कड्या नसू देत. पण दार वाजवत जा, ताई."

लेक अजून पूर्ण बरी नाही. काही दिवस चांगले जातात, काही भिंतीकडे तोंड करून.

आज ती आंघोळीला गेली आणि पाण्याचा आवाज थांबला. हात दाराला लागलाच होता. तो मागे घेतला, टकटक केली.

"येऊ का गं?"

क्षणभर काहीच नाही. मी दार ढकलणार, इतक्यात आतून आवाज आला, "आई, आहे मी अजून. साबण लावतेय. जा तू."

मी गेले. म्हणजे, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.