टाचेमागची लाथ

"दुखणं खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं गोदामातल्या मलमपट्टीच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या. तेवीस वर्षं त्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांनी कुणालाच कुठे दुखतंय असं विचारलं नाही. घरची चौकशी करत घोट्याभोवती अंगठा फिरवायच्या. घोट्याच्या पुढे, जरा खाली दाबल्यावर तोंड वाकडं झालं तर बहुधा लचक. हाडाच्या मागच्या कडेवर दाबताना बोलणं तुटलं, किंवा चार पावलं टाकवली नाहीत, तर हाडाचा फोटो काढायला रवानगी. आणि कुठेही दाबलं तरी सारखंच विव्हळणाऱ्याला सुट्टी हवी असायची.

त्या सकाळी शिडीला आणलं. उंच हमाल, म्हणून शिडी. गाडी ढकलताना टाचेमागे सणकन लाथ बसली म्हणत होता. वळून पाहिलं तर मागे बाईंचा जावई.

"हा बघा, दारातच उभाय," मुकादम म्हणाला. "बाई, तुम्ही सांगा. लाथ असेल तर याचं काम आजपासून बंद."

शिडीचं आणि जावयाचं आठवडाभर वाजत होतं, हे सगळ्यांना ठाऊक. बाईंनी आधी शिडीचा पाय पाहिला नाही. जावयाचे बूट पाहिले. ते जावयाने पाहिलं.

मग अंगठा. पुढे काही नाही. हाडाच्या कडेला काही नाही. वळ नाही, सूज जेमतेम. पाय फरफटत शिडी चार पावलं चाललाही.

"नाटकी आहे लेकाचा," जावई पुटपुटला.

टाचेच्या चार बोटं वर बाईंचा अंगठा खड्ड्यात गेला. त्यांनी शिडीला पालथं झोपवलं, पावलं बाकाबाहेर. चांगल्या पायाची पोटरी दाबली, पाऊल हललं. दुखऱ्या पायाची दाबली. पाऊल मेल्यासारखं लटकून राहिलं.

"टाचेमागची शीर तुटलीय. जोर लावताना तुटते, आणि माणसाला वाटतं मागून कुणी हाणलं. आजच दवाखान्यात न्या."

"जावयाला वाचवायला बरी सापडली शीर," शिडी बाकाशीच बोलला.

मुकादम हसला नाही. बाईंच्या अंगठ्याकडे त्या खोलीत प्रथमच कुणी संशयाने पाहत होतं. त्यांनी मुकादमाचा हात ओढून पोटरीवर ठेवला.

"तुम्हीच दाबा."

त्याने दोनदा दाबली. मग चांगल्या पायाची. मग स्टुलावर गुडघे टेकून, हात मागे नेऊन स्वतःची.

"माझं हलतंय की," तो म्हणाला, आणि जावयाकडे न पाहता, "जा रे, कामाला लाग."

शिडीला उचलून नेलं. मुकादमही गेला. जावई गेला नाही.

"मामी, तुम्हालापण वाटलं ना, मीच मारली?"

बाई नळाखाली हात धुत होत्या. नाही म्हणणं सोपं होतं. पण सहा वर्षं त्यांच्याच ताटाशेजारी जेवलेला तो, चेहरे वाचायला तिथेच शिकला होता.

"सांगा ना."

बाईंनी नळ बंद केला. हात पुसले, टॉवेल खिळ्याला अडकवला, आणि त्याच्या बुटांना वळसा घालून बाहेर पडल्या.