यात्रेच्या तोंडावर घातलेला स्लॅब

घर बांधायला काढल्यापासून देवाशी बोलण्याचा माझा सूर बिघडला होता. पूर्वी मी हात जोडून गप्प उभी राहायचे. आता उभी राहिले की तक्रारीच सुरू. एक गवंडी काम अर्धं टाकून गेला, दुसऱ्याने जिना चुकीच्या बाजूला काढला आणि तो पाडावा लागला. बोअरची मोटार जळली. त्यात ह्यांचं बायपासचं ऑपरेशन झालं. भवानी पेठेतल्या भाड्याच्या घरातून कुंभारी रस्त्यावरच्या प्लॉटपर्यंत रोज जाऊन-येऊन मी इतकी थकले होते की घर पूर्ण झालंच, तर त्यात पहिल्या दिवशी मी नुसती झोपेन असं वाटायचं.

ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी ग्रामदैवत सिद्धेश्वराला, म्हणजे आमच्या सिद्धरामाला, नवस बोलले होते. हे सुखरूप घरी आले, तर गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे, शहरभरच्या अडुसष्ट लिंगांना तेल लावत जाणारी फेरी अनवाणी करीन. हे घरी आले. फेरीचा दिवस जवळ आला आणि नेमका त्याच्या आदल्या दिवशी आमचा स्लॅब घातला गेला. यात्रेच्या तोंडावर काम काढू नये, हे सोलापुरात लहान मूलही सांगेल. पण सेंट्रिंगवाल्याला स्लॅबखालच्या साच्याच्या प्लेटा लवकर मोकळ्या करून दुसरीकडे न्यायची घाई होती, आणि मी सगळं नीट आखलं आहे या भरवशावर होकार दिला. फेरीच्या दिवशी सकाळी प्लॉटवर गेले तर चिटपाखरू नाही. पाणी मारायला ठेवलेली माणसंसुद्धा गड्ड्याला गेली होती.

नवा स्लॅब कोरडा पडू द्यायचा नसतो. त्यावर सिमेंटचे बोटभर बांध घालून वाफे करतात आणि ते दिवसभर भरलेले ठेवतात. आमच्याकडे जानेवारीतही दुपारचं ऊन भाजतं. ह्यांना बादली उचलायची बंदी. शेजारच्या प्लॉटवरच्या काकांनी त्यांचा हौद मोकळा करून दिला, पण त्यांचे गुडघे गेलेले. मी एकटीच पाणी चढवू लागले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जिन्यातच बसले आणि मनात म्हटलं, देवा, नवस तूच ऐकलास आणि तूच मला इथे बांधून ठेवलंस.

तेवढ्यात रस्त्यावरून एक बाई आत आल्या. साठीच्या असतील. कपाळाला विभूती, पायात काही नाही. अक्कलकोटकडच्या खेड्यातून चालत निघाल्या होत्या.

“अक्का, प्यायला पानी हाय का?” पाणी पिऊन त्यांनी वर बघितलं. “एकट्याच व्हय? माणसं कुटं गेली?”

“गड्ड्याला.”

“आन् तुमी?”

का कोण जाणे, मी त्यांना नवसाचं सगळं सांगून टाकलं.

“मग हितं काय बसलाव? सिद्धराम हितं येनार हाय व्हय, तुमच्या स्लॅबवर तेल लावून घ्यायला?”

मला रडता रडता हसू आलं. “मावशी, स्लॅबला तडे गेले तर?”

“मी हाय की. पानीच घालायचंय न्हवं?” त्यांनी पदर खोचला.

कोणता वाफा आधी, बांध कुठे कच्चा आहे, पाय कुठे द्यायचा, हे मी सांगू लागले. त्यांनी माझ्या हातातली बादलीच काढून घेतली. “लई शिकवू नका. जावा. काठ्या थांबत नसत्यात.”

अनोळखी बाईच्या हाती घर सोडून मी रिक्षात बसले. हे माझ्या स्वभावात नाही. आजवर मी दूध उतू जाईल म्हणून शेजारणीवरही गॅस सोपवलेला नाही. नंदीध्वज गाठले, चपला काढून पिशवीत टाकल्या आणि चालू लागले, तरी सुरुवातीला डोळ्यांपुढे कोरडे वाफेच येत होते. मग एका बोळात, एका लिंगावर तेल घातलं जात असताना, सगळे ‘हर्र’ म्हणाले आणि माझाही आवाज त्यात निघाला. घराचा विचार केव्हा सुटला होता ते कळलंच नाही. पाय सोलवटले होते. पण कित्येक महिन्यांनी मी देवाकडे काही न मागता, काही न सांगता नुसती चालत होते.

संध्याकाळी प्लॉटवर परतले. सगळे वाफे काठोकाठ भरलेले, बादली पालथी घातलेली. बाई नव्हत्या.

“आत्ताच गेल्या,” काका म्हणाले. “मी म्हटलं, थांबा, येतीलच त्या. तर म्हणाल्या, आता निदान कळसाला तरी हात जोडते. दरवर्षी अडुसष्ट लिंगं फिरतात म्हणे. यंदा पहिल्यांदाच चुकलं.”

मी स्लॅबच्या कडेला उभी राहिले. त्या बाई अनवाणी का चालत होत्या, हे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं.

पुढच्या यात्रेत मी त्यांना खूप शोधलं, सापडल्या नाहीत. आता त्याच स्लॅबखाली आम्ही राहतो. एवढी आखणी करणाऱ्या मला त्या दिवशी सिद्धेश्वराने सगळं हातातून सोडायला लावलं, आणि मी सोडलेलं एका बाईने आपली फेरी सोडून उचललं. ही त्याचीच कृपा, असं मी मानते. तेव्हापासून कुणी माझ्या मदतीला थांबलं, की मी आधी विचारते, “तुम्ही कुठे निघाला होता?”